नंबर कुणाचा, वही कुणाच्या हातात

‘सार्वजनिक’ या शब्दावर आपला हक्क जुना आहे. या शब्दासाठी आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला : सरकारी खर्चाची पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. शाई वाळली. आणि १९२७ उजाडेपर्यंत आपला एकही माणूस त्या तळ्यावर ओंजळ भरायला धजला नाही. तळं खुलं होतं, माणूस मात्र तहानलेला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा कुठं त्या ठरावाला अर्थ आला.

आज हे उगाळायचं कारण तळं नाही. कारण एक खोली आहे, तिच्यात टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत आणि बाहेर बाकावर अकरा पोरं बसली आहेत.

कुणी म्हणेल, हा काय प्रश्न झाला? अत्याचार चाललेत, नोकऱ्या कंत्राटावर गेल्या, आणि हा बाबा वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या नंबरावर लेख लिहितो. लिहितो. कारण अत्याचाराच्या वेळी आपण सगळे एका बाजूला उभे असतो. त्यात तत्त्वाचा पेच नसतो, हिंमतीचा असतो. पेच तिथं पडतो जिथं वस्तू थोडी असते, हक्क सगळ्यांचा असतो आणि किल्ली आपल्याच एखाद्याच्या खिशात असते. समतेची परीक्षा मोर्चात होत नाही, रांगेत होते.

दुसरा आक्षेप असा की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, कॉम्प्युटर कुणाला पाहिजे? हे बोलणारा माणूस कधी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेला नसतो. दाखला अमुक केबीच्या आतच पाहिजे, फोटो तमुक मापाचा पाहिजे, ओटीपी बापाच्या नंबरावर जातो आणि बाप कामावर. जात पडताळणी, स्वाधार, भरतीची परीक्षा, सातबारा, सगळंच आता पडद्यावर आलं. २०२० च्या टाळेबंदीत रेंज शोधत टेकडीवर चढणारी पोरं आपण पाहिली. एक मोबाइल, तीन भावंडं. शिवाय भरतीची परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते. ज्यानं माऊस पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच हातात धरला तो किती प्रश्न सोडवणार? तेव्हा वाचनालयातला कॉम्प्युटर ही आजची विहीर आहे. पाणी घरोघरी आलं असं म्हणणाऱ्यांच्या घरी नळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ही विहीर सरकारी पैशाची आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने संस्थांच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान देण्याची वाट केली. अ, ब, क, ड असे वर्ग लागतात, त्याप्रमाणे अनुदान मिळतं. चालवणारं मंडळ खासगी, पैसा लोकांचा. संविधानाच्या कलम १५ चा दुसरा भाग काढून वाचा. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागा सगळ्यांच्या. तो ‘अंशतः’ शब्द फार मोलाचा आहे. मंडळाचे चेअरमन ‘आमचं वाचनालय’ म्हणतात तेव्हा त्यांना तो दाखवावा. महाडलाही शेवटी हेच म्हटलं गेलं होतं की हे तळं आमच्या खासगी मालकीचं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ यावा लागला.

तर कायद्याचं दार उघडं आहे. पण खरी गोष्ट दाराच्या आत सुरू होते.

समजा घोडेगावला, नाहीतर जुन्नरला असं एक वाचनालय आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. दहाला कुलूप निघतं. भिंतीवर पाटी : जो आधी येईल त्याचा नंबर आधी, प्रत्येकी अर्धा तास. या पाटीत जात नाही, धर्म नाही, बाई-पुरुष नाही. पाटी लिहिणारा मनानं चांगला आहे असंच धरून चाला. कुणालाही ही पाटी न्यायाची वाटेल. आपल्यालाही वाटते.

आता आधी कोण येईल ते बघू. ज्याचं घर बाजारपेठेत आहे तो. ज्याला सकाळी कामाला जायचं नाही तो. आहुपे, तिरपाडकडची पोरगी एसटीवर अवलंबून. हातवीज, इंगळून, घाटघरची तशीच. ती उतरून चालत येते तोवर नऊ नंबर लागलेले असतात. अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन कॉम्प्युटरवर तिची पाळी यायला दुपार कलते, आणि परतीची गाडी तिच्यासाठी थांबत नाही. आपल्या वस्तीचं बघा. वस्ती तर गावाला लागून आहे, मग अडचण काय? अडचण ही की पोरगा पहाटे नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला गेलेला असतो. बहीण खुडणीला. दोघं मोकळी होतात तेव्हा वाचनालय बंद व्हायला आलेलं असतं. ठाकरवाडीच्या, कातकरी वस्तीच्या पोराचं तर नावच नको. त्याला ही पाटी आहे हेच माहीत नाही.

पाटीनं कुणालाच हाकललं नाही. तरी संध्याकाळी नोंदवही उघडा आणि आडनावं वाचा. कोणती आळी आत बसली आणि कोणती बाहेर राहिली ते आडनावं सांगतील.

म्हणजे ‘आधी’ हा शब्द दिसतो तेवढा साधा नाही. गावातली सगळी वहिवाट या एका शब्दावर उभी आहे. आम्ही आधीपासून इथं आहोत. आमचा पाणवठा पूर्वापार. आमची जागा आधीची. महाडच्या दाव्यातही हाच मुद्दा होता, की अस्पृश्यांना दूर ठेवण्याची चाल फार जुनी आहे, म्हणून ती खरी. कोर्टानं ती चाल सिद्ध होत नाही म्हटलं म्हणून आपण जिंकलो. पण मला नेहमी वाटतं, ती चाल सिद्ध झाली असती तर? जुनी असती म्हणून काय न्यायाची झाली असती? जो आधी पोचला त्याचा हक्क, हे तत्त्व मान्य केलं की मागून आलेल्या माणसानं, म्हणजे आपण, कायम बाकावरच बसायचं. आपण इतिहासात सगळीकडे मागूनच आलो आहोत. शाळेत मागून, ऑफिसात मागून. आलो नाही, येऊ दिलं नाही.

त्यावर एक उत्तर ठरलेलं असतं. “अरे, गाव लांब असणं हा काय वाचनालयाचा गुन्हा आहे?” गुन्हा नाही. पण कालव्याच्या मुखाशी जमीन असणं हेसुद्धा कुणाचं पुण्य नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं आपल्याच दोन तालुक्यांत आहेत. आवर्तन सुटलं की भांडण सुटतं. मुखाकडचा भिजवून घेतो आणि टेलवाला श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यात आभाळाकडे बघतो. म्हणून पाटबंधाऱ्याचा शहाणा अधिकारी म्हणतो, पाळी टेलकडून सुरू करा. शेवटच्याचं भिजलं की मग वर या. पाणी खाली पोचेपर्यंत मुखावरच्याच्या डोळ्यांदेखत वाहतं, त्याला ते कुठं जात नाही. उलट केलं तर टेलला चिखलसुद्धा पोचत नाही. (डिंभ्याच्या वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते ना मुखावर ना टेलवर. त्यांचा हिशेब कुठल्याच पाळीत नाही. तो लेख वेगळा लिहावा लागेल.)

याच पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम पाटबंधाऱ्याच्याही पुढचा होता. पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही, ऊस लावायचा नाही, आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. हा शेवटचा भाग नीट समजून घ्या. भूमिहीनाला पाणी कशाला, असं कुणीही विचारेल. पण वाटा गरजेवरसुद्धा ठरवला नाही, माणूस असण्यावर ठरवला. आहे म्हणून वाटा.

याच्या उलटी गोष्ट वारणेची. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तरेक गावांत वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या भोवती ‘वायर्ड व्हिलेज’ नावाची योजना आली. गावोगाव कॉम्प्युटरची केंद्रं बसली. दिल्लीतून कौतुक झालं. पण त्या केंद्रांत मुख्य काम काय? उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, वजन, बिल, खत. ज्याचा ऊस त्याचा कॉम्प्युटर. ज्याच्या नावावर गुंठा नाही त्याला कुणी अडवलं नाही, पण त्यानं तिथं जाऊन करायचं काय? पुढं त्या कामाला मोबाइलवरचे संदेश पुरेसे आहेत हेही लोकांनी दाखवून दिलं. म्हणजे वस्तू येताना एकटी येत नाही, मालकाची सोय पोटात घेऊन येते. दार उघडं ठेवूनही माणसाला बाहेर ठेवता येतं, हे वारणेनं महाडपेक्षा सभ्यपणे दाखवलं.

बरं, मग ‘आधी’ सोडून ‘गरज’ धरू. ज्याची गरज मोठी त्याचा नंबर पहिला. ऐकायला हे फार छान लागतं. आपल्या सभेत टाळ्या पडतील. पण गरज मोजायची कुणी?

जुन्नर तालुक्यातच खोडदला दुर्बीण आहे. जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही खोडदला मध्यभागी, बाकीच्या दूरवर पसरलेल्या. जगभरचे शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. वेळ थोडा, मागणारे फार. तिथं कुणी म्हणत नाही की जो आधी खोडदच्या फाट्यावर उतरेल त्याची तबकडी. वर्षातून दोन वेळा अर्ज मागवतात, कशासाठी पाहिजे, किती तास पाहिजे ते लिहून द्यायचं, समिती वाचते आणि ठरवते. ही गरजेची रांग. शास्त्रज्ञांना ती शोभते. पण तिच्यात एक अट लपलेली आहे. आपली गरज समितीला पटेल अशा भाषेत मांडता आली पाहिजे. वाचनालयात ही अट कुणाला जमेल? चेअरमनच्या भाच्याला गरज नीट सांगता येते. “सर, उद्या प्रोजेक्ट सबमिट करायचंय.” कातकरी बाई येते ती पिशवीत दुमडलेला कागद घेऊन. तिला फक्त एवढं ठाऊक असतं की तलाठ्यानं ‘ऑनलाइन करून आण’ म्हटलं. कसली ऑनलाइन? ती गप्प. ग्रंथपालाला वाटतं, हिला काही काम नाही. गरज तिची मोठी, तोंड त्याचं मोठं.

साताऱ्याच्या शाळेतली बाबासाहेबांनी लिहिलेली हकीकत आठवा. नळ होता, नळाला पाणी होतं. पण भीमरावानं तोटीला हात लावायचा नाही. मास्तरांनी सांगायचं, शिपायानं सोडायचं. शिपाई आला नाही त्या दिवशी तहान घेऊन घरी जायचं. नळ आणि तहान यांच्यामध्ये एक हात होता. गरजेची रांग केली की तो हात पुन्हा मध्ये येतो. आज तो अस्पृश्यता पाळत नसेल. पण तो ठरवणारा हात आहे, आणि समोरचा त्याच्या तोंडाकडे बघतो आहे. अशानं माणूस लाचार होतो, आणि लाचारी आपल्याला नवीन नाही.

म्हणजे पेच असा. आंधळा नियम केला तर जवळचा जिंकतो. डोळस माणूस नेमला तर त्या माणसाच्या जवळचा जिंकतो.

या पेचावर आपल्याकडे जुना विचार झालेला आहे आणि तो आपला आहे. जुन्नरच्या डोंगरात दीडशेहून जास्त लेणी आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री. (लेण्याद्रीच्या विहारात आज गिरिजात्मज बसला आहे. तो वाद आजचा नाही, आजच्या लेखाचाही नाही.) तिथल्या ब्राह्मी लेखांत दानं नोंदली आहेत. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या, म्हणजे पाण्याची टाकी खोदून दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं संघासाठी भोजनमंडप दिला. बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्यवाल्यांच्या श्रेण्यांचीही नावं लेखांत येतात. दान एकट्या भिक्खूला नाही, संघाला. आलेल्याचं आणि अजून न आलेल्याचं, चारी दिशांच्या संघाचं. आता कल्पना करा, पावसाळा तोंडावर आला आहे, नाणेघाटानं भिक्खू चढून येताहेत, आणि कोठड्या मोजक्या आहेत. कुणाला कुठली? हा प्रश्न त्यांना दरसाल पडला असणार.

विनयपिटकात याची पानंच्या पानं आहेत. आपल्या पोरांनी त्रिशरण पाठ केलं, ही पानं कुणी वाचत नाही. एकदा षड्वर्गीय भिक्खूंचे चेले पुढं पळत गेले आणि सगळ्या जागा धरून बसले. ही आमच्या उपाध्यायांची, ही आमच्या आचार्यांची, ही आमची. मागून सारिपुत्त आले, त्यांना जागा नाही. त्यांनी रात्र झाडाखाली काढली. सारिपुत्त! जो आधी येईल त्याचा नंबर. दुसऱ्या वेळी याच टोळीनं आजारपणाचं सोंग घेतलं : आम्ही आजारी, आम्हाला उठवू नका, आणि चांगल्या जागा दाबल्या. म्हणजे गरजेची रांगही त्यांनी वाकवली. उपनंदानं एक जागा सावत्थीला घेतली आणि दुसरी खेड्यातल्या आवासात. तेव्हा नियम झाला की एकानं दोन जागा अडवायच्या नाहीत. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो वाचनालयातली खुर्चीही धरतो, तो हाच उपनंद.

आणि जागा वाटायचं काम कुणाचं? दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्खूचं. त्यानं ते स्वतः मागून घेतलं आणि संघानं सर्वांसमोर त्याला नेमलं. वाटणाऱ्यासाठी लायकीची अट घातली आहे, ती काळजावर कोरून ठेवण्यासारखी आहे. तो छंदानं जाणारा नसावा, दोसानं जाणारा नसावा, मोहानं जाणारा नसावा, भयानं जाणारा नसावा. आणि काय दिलं गेलंय, काय दिलं गेलं नाही, हे त्याला माहीत असावं. आपल्या भाषेत सांगायचं तर आपल्या माणसाकडे कल नको, कुणावर राग नको, अडाणीपणा नको, दबाव नको. आणि हिशेब चोख.

यातलं भय आपण विसरतो. पक्षपात म्हटलं की आपल्याला फक्त वशिला दिसतो. पण वाचनालयातला साधा पगारावरचा माणूस पुष्कळदा वशिल्यानं नाही, भीतीनं वागतो. सरपंचाच्या पोराला ‘ऊठ, तुझा अर्धा तास झाला’ म्हणायचं त्याला भय वाटतं. आपल्या पोराला म्हणायला वाटत नाही. यात त्याचा जातीयवाद शोधत बसण्यापेक्षा त्याला भय वाटणार नाही अशी व्यवस्था करणं कामाचं. घड्याळ भिंतीवर, वही उघडी, नियम मोठ्या अक्षरात. म्हणजे उठवतो तो शिपाई नाही, उठवते ती भिंत.

मोहही विसरू नका. ग्रंथपालाला खरंच वाटतं की कांबळ्याच्या पोराला शिष्यवृत्तीचाच फॉर्म भरायचा असणार आणि जोश्याच्या पोराला प्रोग्रॅमिंग शिकायचं असणार. त्याच्या मनात कपट नाही. अडाणीपणा आहे, डिग्रीवाला अडाणीपणा.

दब्बाचं पुढं काय झालं? मेत्तिय आणि भुम्मजक नावाच्या भिक्खूंच्या वाट्याला हलक्या जागा आल्या, हलकं जेवण आलं. त्यांनी त्याच्यावर चारित्र्याचा खोटा आळ घेतला. चौकशी झाली, दब्ब निर्दोष निघाला. पण गोष्टीतला विस्तव हा की नीट वाटणाऱ्यावरही आळ येतो. तेव्हा वही हातात घेणाऱ्यानं हे धरूनच चालावं. वाटप उघड्यावर करायचं ते लोकांच्या समाधानापुरतं नाही, स्वतःच्या बचावासाठीही.

दब्बाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तो जागा देताना सुत्त घोकणारे एकत्र, विनयाची चर्चा करणारे एकत्र, ध्यान करणारे एकत्र ठेवी, म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास नको. आणि जे नुसत्या गप्पा ठोकणारे आणि अंगमेहनत करणारे होते त्यांनाही हाकलत नसे. त्यांची जागा वेगळी देई. हे वाचून मला आपल्या अभ्यासिकांतली पाटी आठवते : ‘फक्त अभ्यासासाठी.’ एखादं पोर कॉम्प्युटरवर गाणं बघतं, तर स्पर्धापरीक्षावाला भाऊ त्याला उठवतो. टाइमपास करू नकोस! पण ज्या पोरानं कॉम्प्युटर कधी पाहिला नाही त्याचा हात गाण्यावरच बसतो. माऊस गाण्यानंच शिकला जातो. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रांनी भिंतीला भोक पाडून कॉम्प्युटर बसवला, तेव्हा झोपडपट्टीतली पोरं कुणी न शिकवता शिकली, ती अशीच खेळत. (त्यातही टीका करणाऱ्यांनी दाखवलं की दांडगी पोरं पुढं, मुली आणि लहानगी मागं. भिंतीतल्या भोकालाही वही लागते.) कामातही वर्ण लावायचे, फॉर्म म्हणजे ब्राह्मण आणि गाणं म्हणजे शूद्र, हे आपल्याला शोभत नाही. शेवटच्या तारखेचा फॉर्म आधी, हे बरोबर. तारीख टळली तर वर्ष जातं. पण ती निकड तारखेची, माणसाच्या दर्जाची नाही.

आता अर्ध्या तासाचं. सगळ्यांना सारखा अर्धा तास. दहा बोटांनी टाइप करणारा पंचवीस मिनिटांत उठतो. एका बोटानं अक्षर शोधणाऱ्याचं नाव-गाव लिहून होईतो घंटा वाजते. सारखा वेळ म्हणजे सारखी संधी, हे गणित कच्चं आहे. आणि वीज गेली तर? सर्व्हर बसला तर? तुझ्या पाळीत लाइट गेली, तुझं नशीब, पुढचा या. नशीब! हा शब्द आपण १९५६ साली नागपूरला टाकून आलो ना? पाळीत वीज गेली तर नुकसान त्या एकट्याचं का? ते सगळ्या रांगेनं पाच-पाच मिनिटांनी वाटून घ्यावं. ज्या व्यवस्थेत आपत्ती ज्याच्यावर कोसळली त्याचीच राहते, तिचं तत्त्वज्ञान कर्मविपाकाचंच असतं, पाटी कितीही पुरोगामी लावा.

उलट बाजूही बोलली पाहिजे. लंडनला म्युझियमच्या वाचनालयात बाबासाहेब दार उघडताना जात आणि बंद होईपर्यंत उठत नसत. त्यांना कुणी अर्ध्या तासानं उठवलं असतं तर? तेव्हा वेळेचा काच हा काही न्यायाचा देव नाही. तिथं खुर्च्या पुष्कळ होत्या, एकाच्या बसण्यानं दुसरा उभा राहत नव्हता. टंचाई असते तिथंच पाळी लागते. पहिली मागणी म्हणून पाळीची नको, तिसऱ्या आणि चौथ्या कॉम्प्युटरची हवी. नाहीतर आपण आपसात नंबरावरून भांडत बसू आणि अनुदान अडवणारा वर हसत बसेल. आणि वेळेचं म्हणाल तर १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज निघालं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी वर्ग सकाळी भरवले. पोरांना वेळेसारखं वाकवलं नाही, वेळेला पोरांसारखं वाकवलं. दहा ते पाच उघडं राहणारं वाचनालय हमालाच्या पोराला बंदच आहे.

आता आपल्या घरातलं. बुद्धविहारांतून अभ्यासिका निघताहेत, ही मोठी गोष्ट आहे. कुठं आमदार फंडातून, कुठं वर्गणीतून कॉम्प्युटर येतात. किल्ली आपल्या पोरांकडे. आणि तिथंही हळूहळू खुर्ची ठरून जाते. ज्यांनी मंडळ काढलं ते आधी. ज्यांचा बाप नोकरीत होता ते आधी. मांग वस्तीतलं, चांभारवाड्यातलं पोर दारात उभं राहून ‘जय भीम’ म्हणतं, त्याला ‘ये ना’ म्हणतात, पण नंबर देत नाहीत. मुली आल्या तर ‘ताई, संध्याकाळी गर्दी असते, दुपारी येत जा’. कोणाला वाईट वाटायला नको म्हणून मी हे मवाळ लिहिलं आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक मतानं अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाचा अधिकार राज्यांना दिला. त्या निकालावर आपल्यात दोन टोकाची मतं आहेत, आणि त्यामागच्या राजकारणाचा संशय मलाही आहे. पण आमच्यातही दाराजवळचे आणि दारापासून लांबचे आहेत, हे कोर्टानं सांगायच्या आधी आपल्या अभ्यासिकेच्या वहीत दिसत होतं. तिथं ते आपण दुरुस्त केलं असतं तर बाहेर बोलायला तोंड उरलं असतं.

काय करता येईल? फार काही अवघड नाही. रोजच्या नंबरांतले निम्मे लांबच्यांसाठी आणि कामावरून येणाऱ्यांसाठी धरून ठेवायचे, गाडी येईपर्यंत. गाडी आली नाही तर मोकळे करायचे. बाकी निम्मे येईल त्याला. वहीत आडनाव लिहायचं नाही, नंबराचा बिल्ला द्यायचा. कुणी कुठला हे हाक मारताना कळायचं कारण नाही. पडदा भिंतीकडे फिरवायचा, म्हणजे जातीच्या रकान्यात कोण काय भरतो ते मागच्याला दिसणार नाही. जो पहिल्यांदा येतो त्याच्याशेजारी कुणीतरी बसायचं, आणि शिकवायचं, भरून द्यायचं नाही. भरून दिलं की पुढच्या वेळी तो पुन्हा हात जोडून येतो. पाणी सोडणारा शिपाई आपण व्हायचं नाही. महिन्याला वही दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्यात मुलींची पाळी पहिली, आणि महिनाअखेरीला वही विहारात सगळ्यांसमोर वाचायची : किती आले, कुठल्या वस्तीचे, कोण परत गेलं. परत गेलेल्यांचा रकाना वहीत मुद्दाम आखायचा. आलेल्यांची नोंद सगळेच ठेवतात.

राहिला वही धरणाऱ्याचा स्वतःचा नंबर. तो शेवटी. आणि त्याच्याच बहिणीच्या फॉर्मची आज शेवटची तारीख असेल, रांगेत आणखी दोघांची असेल, तर त्या दिवशी त्यानं वही खाली ठेवून बाकावर जाऊन बसावं आणि वाटप दुसऱ्या कुणीतरी करावं. हे त्या दिवशी ठरवायला गेलात तर जमणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवा.